नाकावरचा न भरणारा फोड : तपासणीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत खर्च किती?

माझ्या आत्याच्या नाकाच्या उजव्या बाजूला, चष्मा टेकतो त्याच्या जरा खाली, मसुराच्या डाळीएवढा एक काळा, चकचकीत ठिपका होता. सकाळी तोंड पुसताना टॉवेलला रक्ताचा टिपका लागायचा. खपली धरायची, आठ दिवसांत पडायची, पुन्हा धरायची. ‘चष्मा घासतो’ असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने तो ‘तीळ’ दीड हजार रुपयांत जाळून घेतला. जाळल्यामुळे तपासायला तुकडाच उरला नाही. सव्वा वर्षाने ठिपका परत आला तो हरभऱ्याहून मोठा होऊन. या वेळी डॉक्टरांनी बायोप्सी केली आणि रिपोर्टवर तीन शब्द आले : बेसल सेल कार्सिनोमा.

आत्या आज ठणठणीत आहे. पण जे काम पहिल्या वेळी त्या जागेपुरती भूल देऊन, चार-सहा टाक्यांत आणि पंचवीस-तीस हजारांत आटोपलं असतं, त्याला दोन शस्त्रक्रिया लागल्या आणि सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार रुपये गेले. चेहऱ्यावरच्या त्वचेच्या कॅन्सरचा खर्च बिलाच्या खिडकीवर ठरत नाही. गाठ केवढी असताना बायोप्सी झाली, त्या दिवशीच तो बहुतेक ठरून गेलेला असतो. म्हणून हा लेख खर्चाच्या वाटेने लिहिला आहे : कोणत्या टप्प्याला किती पैसे लागतात, ते कुठे वाचवता येतात आणि कुठे मुळीच वाचवायचे नाहीत.

आधी ओळखायचं कसं?

गोऱ्या वर्णाच्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर कमी दिसतो. त्यामुळे तो कुणाच्या मनातच येत नाही. पण शेतात, समुद्रावर, रस्त्याच्या कामावर, वाहतूक नियंत्रणात आयुष्य उन्हात गेलेल्यांच्या चेहऱ्यावर तो होतो. आणि तो लवकर सापडला तर पूर्ण बरा होणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे.

चेहऱ्यावर प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. पहिला बेसल सेल कार्सिनोमा. तो सावकाश वाढतो, शरीरात दुसरीकडे क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी खोल जातो आणि नाक, पापणी, कान पोखरतो. उंदराने कुरतडल्यासारखी जखम करतो म्हणून इंग्रजीत त्याला जुनं नावही उंदरावरूनच पडलं. आपल्या वर्णाच्या लोकांमध्ये तो बऱ्याचदा काळसर असतो आणि तिथेच घोटाळा होतो, कारण तो तिळासारखा दिसतो. दुसरा स्क्वेमस सेल कार्सिनोमा. तो खरबरीत, खपलीदार असतो, खालच्या ओठावर, कानावर, भाजल्याच्या जुन्या व्रणावर येतो. तो जास्त वेगाने वाढतो आणि मानेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकतो. तिसरा मेलॅनोमा, तिघांत सर्वांत घातक. आपल्याकडे तो तळपाय, तळहात आणि नखाखाली जास्त आढळतो, चेहऱ्यावर कमी.

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली तरी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा :

• चार ते सहा आठवड्यांत न भरलेला फोड किंवा जखम, विशेषतः नाक, पापण्या, कान, ओठ यांवर
• पुसताना किंवा दाढी करताना सारखं रक्त येणारी, खपली धरून पुन्हा पडणारी जागा
• मोत्यासारखी चमकणारी, कडेला उंचावलेली आणि मध्ये खोलगट गाठ
• चाळिशीनंतर नव्याने आलेला आणि वाढत जाणारा ‘तीळ’
• रंग, आकार किंवा कडा बदललेला जुना तीळ

ही गाठ बहुतेकदा दुखत नाही. न दुखणं हे तिला सोडून देण्याचं कारण होऊ नये.

पहिला खर्च : तपासणी आणि बायोप्सी

पुढचे आकडे पुणे, मुंबई, नागपूर, नाशिकसारख्या शहरांतल्या मध्यम दर्जाच्या खासगी रुग्णालयांचे ढोबळ अंदाज आहेत. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात ते दीडपट-दुप्पट होतात, तालुक्याच्या गावी कमी. नेमकी रक्कम तुमच्या रुग्णालयाकडून लेखी घ्या.

• त्वचारोगतज्ज्ञाची तपासणी : ५०० ते १,५०० रुपये. भिंगासारख्या डर्मोस्कोपने बघितलं तर काही ठिकाणी ३०० ते १,००० रुपये वेगळे.
• बायोप्सीची प्रक्रिया : १,५०० ते ५,००० रुपये.
• तुकड्याची प्रयोगशाळेतली तपासणी : ८०० ते २,५०० रुपये.

म्हणजे निदानाचा पूर्ण खर्च साधारण तीन ते नऊ हजार. सरकारी रुग्णालयात हेच काही शे रुपयांत किंवा मोफत होतं.

बायोप्सीची भीती अनेकांना पैशांपेक्षा जास्त अडवते, म्हणून आत्याच्या वेळी जवळून पाहिलं ते सांगते. नाकाच्या बाजूला बारीक सुईने भूल दिली, तेवढीच चुणचुण झाली. मग पेनच्या टोकासारखं दिसणारं, चार मिलिमीटर तोंडाचं एक गोल पातं गाठीच्या कडेवर ठेवून डॉक्टरांनी हलकेच फिरवलं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्याने उचलून पारदर्शक औषधाच्या छोट्या डबीत टाकला, डबीवर नाव-वय-तारखेची चिठ्ठी चिकटवली, एक टाका घातला. दहा-बारा मिनिटं लागली असतील. आत्या रिक्षाने घरी आली आणि तिने स्वतः चहा केला. रिपोर्ट आठवड्याभरात आला.

‘सुई लावली तर कॅन्सर पसरतो’ ही भीती इथे लागू नाही. बायोप्सी न करता जाळणं, लेझर मारणं, दोऱ्याने आवळणं किंवा बाजारात चुना आणि धुण्याच्या सोड्याचा लेप लावून ‘तीळ पाडणं’ हे मात्र खरोखर घातक आहे. वरची कातडी भरून येते, मूळ आत वाढत राहतं आणि ते दिसेपर्यंत खर्चाला एक शून्य वाढलेलं असतं. डॉक्टरने कोणतीही गाठ काढली, तरी एकच वाक्य म्हणा : ‘तुकडा तपासायला पाठवा आणि रिपोर्ट मला द्या.’

रिपोर्ट आल्यावर तीन गोष्टी डॉक्टरांकडून समजून घ्या. प्रकार कोणता, उपप्रकार कोणता आणि खोली किती. बेसल सेलमध्ये ‘नॉड्युलर’ किंवा ‘सुपरफिशियल’ असेल तर काम तुलनेने सोपं. ‘इन्फिल्ट्रेटिव्ह’ किंवा ‘मॉर्फिया’सारखा असेल तर तो डोळ्याला दिसतो त्याहून आत पसरलेला असतो आणि शस्त्रक्रिया जास्त काळजीची ठरते.

याच वेळी प्रयोगशाळेकडून काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला तुकडा, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, तो मागून जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर तिथले पॅथॉलॉजिस्ट तेच तपासतात, पुन्हा बायोप्सी करावी लागत नाही.

आणखी एक बचत. सुरुवातीच्या, लहान बेसल सेल कार्सिनोमासाठी सहसा सीटी किंवा पेट स्कॅनची गरज नसते. पेट स्कॅनला दहा ते पंचवीस हजार लागतात. कुणी सांगितलाच तर विचारा : ‘या तपासणीने माझा उपचार बदलणार आहे का?’ गाठ मोठी असेल, हाडाजवळ किंवा डोळ्याजवळ असेल, किंवा स्क्वेमस प्रकारात मानेत गाठ लागत असेल तर उत्तर ‘हो’ येऊ शकतं. मग तो खर्च वाजवी आहे.

उपचार कोणते, आणि कशाला किती?

साधी शस्त्रक्रिया. लहान गाठीसाठी हाच मुख्य उपचार. गाठीभोवतीची चार-पाच मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचाही सोबत काढतात. त्या पट्ट्याला ‘मार्जिन’ म्हणतात. काढलेला तुकडा पुन्हा प्रयोगशाळेत जातो आणि कडेला कॅन्सरच्या पेशी नसतील तर ‘मार्जिन क्लिअर’ असा रिपोर्ट येतो. लहान, साध्या बेसल सेल गाठीत या एका शस्त्रक्रियेने शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास रुग्ण बरे होतात. जागेपुरती भूल, त्याच दिवशी घरी. खर्च १५,००० ते ४०,००० रुपये.

शस्त्रक्रिया आणि जागा भरणं. नाकाच्या टोकावर किंवा पापणीवर त्वचा ताणून टाके घालता येत नाहीत. तिथे शेजारची कातडी सरकवतात, तो ‘फ्लॅप’, किंवा कानामागून कातडी आणून लावतात, तो ‘ग्राफ्ट’. प्लास्टिक सर्जन लागतो. खर्च ५०,००० ते दीड लाख.

कपाळाचा फ्लॅप. नाकाचा मोठा भाग गेला तर कपाळाची कातडी वळवून नाक घडवतात. ही विद्या आपल्याच मातीतली आहे. सुश्रुतसंहितेत नाक घडवण्याचं वर्णन आहे. इंग्रजी फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं होतं. ते पुण्याजवळच्या एका पारंपरिक शल्यकाराने कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवलं आणि ती हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून तिथल्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने तीच पद्धत इंग्लंडमध्ये करून दाखवली. आजही जगभर ती ‘इंडियन मेथड’ म्हणून ओळखली जाते. ग्राहक म्हणून मात्र एवढं ध्यानात ठेवा : ही शस्त्रक्रिया किमान दोन टप्प्यांत होते. पहिल्या वेळी कातडी वळवून नाकावर बसवतात आणि साधारण तीन आठवड्यांनी, तिथला रक्तपुरवठा रुजल्यावर, कपाळाशी जोडलेला पट्टा कापतात. अंदाजपत्रकात दोन्ही टप्पे धरले आहेत का, हे आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. दुसऱ्या टप्प्याच्या वेळी पुन्हा थिएटरचं, पुन्हा भूलतज्ज्ञाचं बिल समोर आलं. दोन्ही मिळून खर्च एक ते अडीच लाख.

फ्रोझन सेक्शन. शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून अर्ध्या तासात पॅथॉलॉजिस्ट कडा तपासतो. बाकी असेल तर सर्जन लगेच आणखी काढतो. वरखर्च ३,००० ते ८,००० रुपये. डोळा, नाक, ओठ, कान यांच्या भोवतीच्या गाठीत हा खर्च सार्थकी लागतो, कारण दुसरी शस्त्रक्रिया टळू शकते.

मोझ शस्त्रक्रिया. अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोझ यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेली पद्धत. एकेक पातळ थर काढायचा, त्याची पूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि जिथे पेशी शिल्लक आहेत तिथलाच पुढचा थर काढायचा. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेल गाठीत बरं होण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या घरात जातं आणि निरोगी कातडी वाचते. भारतात ही सोय मोजक्या केंद्रांत आहे. खर्च ७५,००० ते दोन लाख. लहान, साध्या गाठीसाठी तिचा हट्ट नको. परत आलेल्या गाठीसाठी किंवा पापणीच्या कडेसाठी जरूर चौकशी करा.

रेडिएशन, म्हणजे ‘लाइट’. वय फार असेल, हृदयविकारामुळे शस्त्रक्रिया झेपत नसेल, किंवा शस्त्रक्रियेने पापणीसारखा अवयव जाणार असेल तर हा पर्याय. काही आठवडे जवळजवळ रोज जावं लागतं. खर्च ७५,००० ते दोन लाख, शिवाय रोजचं येणं-जाणं. तरुण रुग्णांना शक्यतो देत नाहीत, कारण काही दशकांनी त्याच जागी नवा त्रास होऊ शकतो.

मलम आणि गोठवणं. फ्लुरोयुरासिल किंवा इमिक्विमॉडसारखी मलमं, किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं. खर्च काही हजारांत. पण हे अगदी वरवरच्या, निवडक गाठींसाठी आणि कॅन्सरपूर्व खरबरीत डागांसाठी असतं. जाळण्या-गोठवण्यात कडा तपासता येत नाहीत. स्वस्त म्हणून स्वतःहून निवडायचा हा पर्याय नाही. डॉक्टरांनी निवडला तर सहा-सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका.

अंदाजपत्रक मागताना विचारायचे प्रश्न

‘साधारण किती होईल?’ असं विचारलं की उत्तरही साधारणच मिळतं. कागद-पेन घेऊन बसा आणि हे विचारा :

१. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, औषधं आणि साहित्य यांचे आकडे वेगवेगळे द्याल का?
२. काढलेल्या तुकड्याची तपासणी आणि फ्रोझन सेक्शन यात धरलं आहे का?
३. मार्जिन क्लिअर आलं नाही तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कसा आकारणार?
४. जागा भरण्याचे टप्पे किती? सर्वांचा खर्च यात आहे का?
५. ड्रेसिंग आणि टाके काढण्याचे पैसे वेगळे लागतील का?
६. जागेपुरत्या भुलेवर काम होईल का, की पूर्ण भूल लागेलच?
७. जनरल वॉर्ड आणि स्वतंत्र खोली यांच्या एकूण बिलात फरक किती?

शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की नुसतं खोलीचं भाडं बदलत नाही. सर्जन आणि थिएटरचे दरही वाढतात. एका रात्रीच्या स्वतंत्र खोलीसाठी सगळं बिल फुगवून घेऊ नका.

कमी खर्चाचे आणि मोफत मार्ग

सरकारी रुग्णालयं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तिथून सुरुवात करा. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, म्हणजे पुण्याचं ससून, मुंबईचं जे. जे., नागपूरचं मेडिकल, आणि मुंबई महापालिकेची केईएम, सायन, नायर इथे नाममात्र दर आहेत. त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी आणि पॅथॉलॉजी हे तिन्ही विभाग एकाच आवारात मिळतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९४१ पासून कॅन्सरवर उपचार होतात. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा वेगळ्या वर्गांत नोंदणी होते आणि दोन्हींच्या दरांत मोठा फरक असतो. नोंदणी करताना वर्ग विचारपूर्वक निवडा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेत महाराष्ट्रातल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आता पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबंही त्यात येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतात ते विचारा. ऑपरेशनची मंजुरी ते आधी घेतात. म्हणून दाखल होण्यापूर्वी भेटा, बिल भरल्यावर नव्हे. मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. मदतीचा क्रमांक १५५३८८. दाखल होण्याआधीच्या तपासण्या सरकारी रुग्णालयात उरकल्या तर खिशातून जवळजवळ काहीच जात नाही.

सत्तरीपुढच्यांसाठी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं. हा आजार बहुधा उतारवयातला. त्यामुळे आई-वडिलांचं हे कार्ड आजच काढून ठेवा. क्रमांक १४५५५.

गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हे पहिलं ठिकाण.

धर्मादाय रुग्णालयं. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना कायद्याने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. हा हक्क आहे. मागताना संकोच नको.

विमा : इथे शब्द महत्त्वाचे

साध्या आरोग्य विम्यात ही शस्त्रक्रिया सहसा बसते. २४ तास दाखल न होता एका दिवसात होणारी ‘डे केअर’ शस्त्रक्रियाही चालते. बायोप्सीचे पैसे ‘दाखल होण्यापूर्वीचा खर्च’ म्हणून मिळू शकतात. त्यासाठी पावत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सांभाळा.

क्लेम अडकतो तो ‘कॉस्मेटिक’ या शब्दावर. कागदावर नुसतं ‘तीळ काढणे’ असेल तर कंपनी सौंदर्योपचार म्हणून नकार देते. म्हणून क्रम पाळा : आधी बायोप्सी, मग रिपोर्टावर आधारित शस्त्रक्रिया आणि डिस्चार्ज कार्डावर निदान स्पष्ट लिहिलेलं. नाक किंवा पापणी नव्याने घडवण्याचा खर्च ‘प्लास्टिक सर्जरी’ म्हणून नाकारला, तर विमा नियामकाने सर्वांसाठी ठरवलेलं वगळणुकीचं कलम दाखवा. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्यातून बाहेर ठेवलेली आहे, म्हणजे तिचे पैसे मिळायला हवेत.

दुसरी गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. ‘क्रिटिकल इलनेस’ पॉलिसीत, म्हणजे निदान होताच ठरावीक रक्कम देणाऱ्या विम्यात, मेलॅनोमा सोडून बाकीचे त्वचेचे कॅन्सर बसत नाहीत. ते लसिका ग्रंथींत किंवा त्यापलीकडे पसरलेले असतील तरच पैसे मिळतात. त्या रकमेवर भिस्त ठेवून उपचाराचं गणित मांडू नका.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर नाही किंवा उत्तर पटत नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत कॅन्सरसारख्या ठरावीक आजारांच्या खर्चावर ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकांसाठी एक लाखापर्यंत वजावट आहे. तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. करसल्लागाराला आठवणीने विचारा.

बिलात न दिसणारा खर्च

प्रवास, राहणं, बुडालेली मजुरी. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता रेल्वेच्या स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसाला पाऊण. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत आहे आणि महिलांना अर्धं तिकीट. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही रुग्णांच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षं आधार देणारी ठिकाणं आहेत. जागा लवकर भरतात, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी घेऊनच निघा.

आणि पुढच्या तपासण्या. एकदा हा आजार झालेल्याला दुसऱ्या जागी नवी गाठ होण्याचा धोका जास्त असतो. पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी पूर्ण चेहरा, मान, कान तपासून घ्यायचे. वर्षाला हजार-तीन हजारांची तरतूद ठेवा. उन्हात रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून कानांपर्यंत घेतलेलं उपरणं, भर दुपारची कामं टाळणं आणि चेहऱ्याला एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचं सनस्क्रीन. यांतली पहिली दोन तर जवळजवळ फुकट आहेत.

बचत कुठे चालेल, कुठे नाही

खोलीच्या वर्गात बचत करा. गरज नसलेल्या स्कॅनमध्ये करा. कॉर्पोरेट रुग्णालयाऐवजी सरकारी महाविद्यालयात जाऊन करा. तिथे रांग लांब असेल, पण अशा शस्त्रक्रिया करणारे हात तिथे अनुभवी असतात. बायोप्सीत मात्र बचत करू नका. काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत करू नका. नाक-डोळ्याजवळच्या गाठीला अनुभवी सर्जन निवडण्यात करू नका. आणि वाट बघण्यात तर कधीच नको, कारण तिथे बचत होते असं नुसतं वाटतं.

आत्याच्या कपाळावर आता एक बारीक उभी रेघ आहे. कुंकवाखाली ती जवळजवळ दिसत नाही. ती रेघ पाहिली की मला टॉवेलवरचे ते टिपके आठवतात. वर्षभर ते आम्ही सगळ्यांनी पाहिले होते आणि त्यावर कुणी काही केलं नव्हतं.

आज घरी गेल्यावर एक करा. आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना, शेतावरच्या काका-काकूंना खिडकीजवळच्या उजेडात बसवा, चष्मा काढायला सांगा आणि त्यांचा चेहरा नीट बघा. नाकाच्या कडा, पापण्या, कानामागची जागा, खालचा ओठ. दीड महिन्यात न भरलेली एखादी जागा दिसली, तर पुढच्या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.